उलटून बघितलंत ना?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

परवा रविवारी दुपारी आमच्या इमारतीच्या जिन्यात मोठा कालवा झाला. बाहेर येऊन पाहतो तर माझा दहा वर्षांचा नातू आणि खालच्या मजल्यावरचा त्याचा मित्र समोरासमोर उभे, आणि मधल्या पायरीवर पत्ते पसरलेले. पत्ते म्हणजे आपले इस्पिक-बदाम नव्हेत. पोकेमॉनची कार्डे. आमच्या लहानपणी काड्यापेटीचे छाप जमवत, नंतरच्या पिढीने च्युइंग गमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची कार्डे जमवली, आता ही आहेत. नातवाने आपली दोन कार्डे देऊन मित्राकडून एक चमचमते कार्ड घेतले होते. घरी आल्यावर घामेजलेले बोट कार्डाच्या कडेला लागले आणि बोट निळे झाले!

या कार्डांची पाठ निळी असते. हाताळून हाताळून कडा झिजल्या की आतला पांढरा कागद दिसू लागतो आणि कार्डाचा भाव उतरतो. मित्राने त्या पांढऱ्या कडांवर निळे स्केचपेन फिरवले होते. नातू म्हणत होता, "तू मला फसवलंस." मित्र म्हणत होता, "कार्ड खरंच आहे की! आणि घेताना तू उलटून बघितलंस ना?"

हे शेवटचे वाक्य ऐकले आणि मी जिन्यातच थबकलो. हे वाक्य मी आयुष्यात यापूर्वी दोनदा ऐकले आहे. एकदा दुसऱ्याच्या तोंडून आणि एकदा माझ्या स्वतःच्या. आज त्याचीच हकीकत सांगणार आहे.

मी पनवेलचा. येथल्याच एका शाळेत बत्तीस वर्षे शिकवले. छंद एकच, पोस्टाची तिकिटे जमवण्याचा. तिकिटे जमवणाऱ्या माणसाला लोक निरुपद्रवी समजतात. परंतु या छंदात जेवढी भांडणे आहेत तेवढी जमिनीच्या बांधावरूनही होत नसतील. तिकीट खरे की खोटे, हे भांडण त्यातल्या त्यात सोपे असते. अवघड भांडण असते ते खऱ्या, पण 'सुधारलेल्या' तिकिटाचे.

आधी एक परदेशातले उदाहरण सांगतो, म्हणजे मुद्दा लक्षात येईल. अमेरिकेत 1909 ते 1911 या काळात सिगारेटच्या पाकिटातून बेसबॉलच्या खेळाडूंची चित्रे असलेली कार्डे मिळत. त्यांतले होनस वॅग्नर या खेळाडूचे कार्ड अतिशय दुर्मिळ. त्याची एक प्रत विलक्षण देखणी होती, कडा सुरीसारख्या सरळ, कोपरे टोकदार. 1991 साली ती लिलावात 4 लाख 51 हजार डॉलरला गेली. कार्डांची तपासणी करून त्यांना एक ते दहापैकी गुण देणाऱ्या कंपनीने तिला आठ गुण दिले. 2007 साली तीच प्रत 28 लाख डॉलरला विकली गेली. पुढे बिल मॅस्ट्रो या बड्या लिलावदारावर खटला झाला. खटला मुख्यतः लिलावातल्या खोट्या बोलींचा होता. पण 2013 साली गुन्हा कबूल करताना त्याने हेही मान्य केले की, त्या कार्डाच्या कडा आपणच कापल्या होत्या. कडा सरळ होत्या, कारण त्या नव्याने कापलेल्या होत्या. 2015 साली त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली. कार्ड मात्र खरेच होते! वॅग्नर खरा, कागद खरा, छपाई खरी. खोटा होता तो फक्त त्याचा तरुणपणा.

तिकिटांच्या जगात हा प्रकार फार जुना आहे. गंमत अशी की, कार्डाची कड कापली तर भाव चढतो आणि तिकिटाची कड कापली तर भाव उतरतो. आपल्याकडे 1854 साली कलकत्त्यात चार आण्यांचे तिकीट छापले गेले, लाल आणि निळ्या अशा दोन रंगांत. निळ्या रंगात राणी व्हिक्टोरियाचे मस्तक आणि भोवती लाल चौकट. त्यातल्या काही प्रतींत चौकटीच्या मानाने राणीचे मस्तक उलटे छापले गेले, आणि ती चूक आज भारतातल्या सर्वात मोलाच्या तिकिटांत गणली जाते. त्या काळी तिकिटांना दाते नसत. लोक कात्रीने कापून घेत. या तिकिटाची चौकट अष्टकोनी, म्हणून अनेकांनी ते अष्टकोनी आकारातच कापले आणि भोवतीचा पांढरा कागद गेला. पुढे चारही बाजूंना कागद असलेल्या प्रतीला मोल आले. मग काय? कारागिरांनी कागद जोडून कडा पुन्हा तयार केल्या. हे काम इतके सफाईने करतात की नुसत्या डोळ्यांना सांधा दिसत नाही. बेंझिनचा एक थेंब टाकून काळ्या ताटलीत तिकीट पाहिले की जोड दिसतो.

दुसरा प्रकार धुण्याचा. पंधरा आणि पंचवीस रुपयांची जुनी तिकिटे साध्या पत्रावर कोण चिकटवणार? तारेसाठी, महसुली कामासाठी ती वापरली जात आणि त्यांवर शाईच्या रेघा मारल्या जात. टपालाचा शिक्का असलेल्या प्रतीच्या मानाने अशा प्रतीला मोल कमी. म्हणून रसायनाने रेघ धुवायची आणि वर हवा तो शिक्का मारायचा. तिसरा प्रकार अक्षरे वाढवण्याचा. 1948 सालच्या गांधीजींच्या तिकिटांवर सरकारी वापरासाठी 'सर्व्हिस' हा शब्द छापून अगदी मोजके संच काढले होते. तसल्या दहा रुपयांच्या चार तिकिटांची सलग पट्टी 2017 साली लंडनच्या एका विक्रेत्याने 5 लाख पौंडांना विकली. एका इंग्रजी शब्दाला एवढी किंमत म्हटल्यावर साध्या तिकिटावर तो शब्द छापणारे निघाले नसते तरच नवल.

आणि चौथा प्रकार डिंकाचा. माझी हकीकत या डिंकाची आहे.

15 ऑगस्ट 1948 रोजी, स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, टपाल खात्याने गांधीजींची चार तिकिटे काढली. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडमधल्या कूर्व्हाझिए छापखान्यात छापलेली. तिकिटावर हिंदीत आणि उर्दूत 'बापू' असे लिहिलेले. त्या काळी दहा रुपयांचे तिकीट विकत घेऊन जपून ठेवणे थोड्यांनाच परवडले. म्हणून ते कोरे मिळणे कठीण आणि आमच्यासारख्यांचे ते स्वप्न.

1998 साली मी मुंबईतल्या एका विक्रेत्याकडून ते घेतले. लोकलने परत येताना पाकीट शर्टाच्या आतल्या खिशात होते आणि माझा हात सारखा त्यावर. पगाराचा मोठा वाटा त्यात गेला होता आणि घरी त्याचा खरा आकडा सांगितला नव्हता. तो अजूनही सांगितलेला नाही. (आज रेडिओवरही सांगणार नाही. घरी ऐकत असतील.)

आमच्या लाईन आळीत एक वयोवृद्ध संग्राहक राहत. सगळे त्यांना काका म्हणत. दुसऱ्या दिवशी मोठ्या अभिमानाने तिकीट त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी चिमट्याने उचलले, उलटे केले, भिंग लावले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, पनवेलच्या पावसाळ्यात डब्यातला पापड कुरकुरीत राहत नाही. पन्नास पावसाळे पाहिलेला हा डिंक एवढा चकचकीत कसा राहिला?"

मग त्यांनी मला दाखवले. छापखान्यात कागदाला आधी डिंक लावतात, मग दाते पाडतात. त्यामुळे एक तिकीट दुसऱ्यापासून फाडले की दात्याच्या टोकाला कागदाचे मऊ, कोरडे तंतू दिसतात. डिंक मागाहून लावला की तो टोकावरून ओघळतो आणि तंतू चिकटून कडक होतात. माझ्या तिकिटाचे दाते बोटाला टोचत होते. कुणीतरी जुना, डागाळलेला डिंक धुऊन त्यावर नवा चढवला होता.

मी पुन्हा मुंबई गाठली. विक्रेता शांतपणे म्हणाला, "तिकीट खरं आहे की नाही? आहे. मी डिंक मूळचा आहे असं म्हटलं होतं का? बिलावर लिहिलंय का? तुमच्या हातात दिलं होतं, तुम्ही उलटून बघितलंत ना?" मग थोडा मऊ होऊन म्हणाला, "मास्तर, माझ्याकडेही ते असंच आलं. मी काही डिंक लावत बसत नाही." पैसे परत मिळाले नाहीत. बिल काढून पाहिले. त्यावर एवढेच होते: 'गांधी 10 रु., कोरे.'

तेव्हा मी त्या माणसाला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. आता वाटते, दोष सगळा त्याचा नव्हता. पूर्वी सगळेच संग्राहक हिंज नावाची कागदाची छोटी घडी ओली करून तिकिटाच्या पाठीवर लावत आणि ते वहीत डकवत. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. मग हिंज न लावलेल्या तिकिटाला जास्त दाम मिळू लागला. आम्हीच तो देऊ लागलो. आजोबांच्या वहीतले तिकीट हवे, पण त्याला आजोबांचा हात लागलेला नको! अशी जगात नसलेली वस्तू गिऱ्हाईक मागू लागले की ती तयार करणारा कुठेतरी बसतोच. कार्डांचे गुण असोत नाहीतर तिकिटाचा डिंक, नवेपणाचा हट्ट आधी आमचा असतो, सुरी आणि ब्रश मागाहून येतात. हे मी विक्रेत्याची बाजू घेऊन म्हणत नाही. पण भांडणात आपला वाटा किती, हे पाहिल्याशिवाय भांडण कळत नाही.

कायदा काय म्हणतो, हेही मी हौसेने वाचून पाहिले. आपला करार कायदा 1872 सालचा. त्याच्या 17व्या कलमात फसवणूक म्हणजे काय ते सांगितले आहे. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणे ही फसवणूक आहे. म्हणजे विकण्यासाठी डिंक लावणारा किंवा रेघ धुणारा त्यात आला. पण नुसते गप्प बसणे? ती साधारणपणे फसवणूक नव्हे, असे कायदा म्हणतो. आणि तेथे एका घोड्याचे उदाहरण आहे. एक माणूस लिलावात आपला घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे, तो बोलत नाही. ही फसवणूक नाही. पण घेणारी त्याची स्वतःची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? मग ते नातेच असे आहे की, सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि तिसरी गोष्ट, घेणाऱ्याने म्हटले, 'तुम्ही नाही म्हटलं नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी समजेन,' आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे म्हणजे बोलणेच.

दीडशे वर्षांपूर्वीचा हा घोडा मला पुढे चांगलाच आठवणार होता.

2011 साल. मी निवृत्त झालो होतो. माझा एक जुना विद्यार्थी नवीन पनवेलला राहायला आला. इंजिनिअर झालेला, हातात चार पैसे आलेले आणि शाळेत मीच लावलेला तिकिटांचा नाद पुन्हा जागा झालेला. रविवारी माझ्याकडे येऊन बसे. एकदा वही चाळताना त्याला ते गांधीजींचे तिकीट दिसले. "सर, हे देता का? बाजारभावाने देईन."

श्रोतेहो, तेव्हा काय झाले ते मी जसेच्या तसे सांगतो. मला ते तिकीट डोळ्यांपुढे नको होते. तेरा वर्षे ते माझ्या मूर्खपणाची आठवण देत होते. मी म्हणालो, "नीट उलटून बघ, मग घे." त्याने उलटून पाहिले. भिंग कसे लावायचे हे त्याला मी कधी शिकवलेच नव्हते. "छान आहे, सर," म्हणाला आणि पैसे देऊन गेला. जाताना नेहमीप्रमाणे वाकून नमस्कार केला.

मी खोटे बोललो नाही. मी डिंक लावला नाही. माझ्याकडेही ते असेच आले होते. त्या मुंबईच्या विक्रेत्याची तिन्ही वाक्ये माझ्याकडे आयती तयार होती. तरी रात्री झोप लागेना. तिकिटावर 'बापू' लिहिलेले आणि मी त्याच्या पाठीवरची गोष्ट लपवून ते विकलेले, तेही ज्याला फळ्यावर 'नेहमी खरे बोलावे' लिहून दाखवले त्याला! घोडा विकणाऱ्याच्या मुलीचे उदाहरण आता दुसऱ्याचे राहिले नव्हते. तो माझ्याशी भाव करायला आला नव्हता, विश्वासाने आला होता.

तरीही जायला मला तीन आठवडे लागले. आज सांगू, उद्या सांगू, असे करत. शेवटी पैशांचे पाकीट घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने चहा केला. मी सगळे सांगितले. दात्यांची टोके भिंगाखाली दाखवली. तो ऐकत होता. मग त्याने एवढेच विचारले, "सर, मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. विक्रेत्याला मी हाच प्रश्न विचारला होता. त्याने निदान काहीतरी उत्तर दिले होते.

त्याने तिकीट परत केले नाही. म्हणाला, "मला ते हवंच आहे. डिंक लावलेल्या तिकिटाचा जो भाव असेल तो घ्या आणि एका कागदावर लिहून द्या." अर्ध्याहून अधिक रक्कम मी परत केली. मग कागदावर लिहिले: 'गांधी 10 रुपये, 1948. तिकीट अस्सल. डिंक मागाहून लावलेला.' खाली सही आणि तारीख. तो कागद आजही त्याच्या वहीत तिकिटाशेजारी आहे. ते तिकीट पुढे कुणाच्याही हातात गेले तरी ही गोष्ट त्याच्याबरोबर जाईल.

तेव्हापासून मला या भांडणांचे मूळ थोडे कळले असे वाटते. वस्तू दुरुस्त करणे हा गुन्हा नाही. फाटलेली पोथी आपण चिकटवतो, देवघरातल्या मूर्तीला वज्रलेप करतो. पण पोथी चिकटवलेली आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते. तिकीट किंवा कार्ड बाजारात जाते, हातोहाती फिरते आणि प्रत्येक हातागणिक एकेक गोष्ट गळत जाते. ज्याने डिंक लावला त्याला ठाऊक असते. दुसऱ्याला शंका असते. तिसऱ्याला काहीच ठाऊक नसते आणि तो पूर्ण दाम मोजतो. मधला प्रत्येक जण म्हणतो, 'मी काही केलं नाही.' आणि ते खरेच असते.

म्हणून नवीन संग्राहकांना माझे एक-दोन सांगणे आहे. घेताना प्रश्न विचारा आणि स्पष्ट विचारा. डिंक मूळचा आहे का? कुठे कागद जोडला आहे का? काही धुतले आहे का? उत्तर बिलावर लिहून घ्या. प्रामाणिक विक्रेत्याला त्याचा राग येत नाही, आणि असे विक्रेते आहेत, मी पाहिले आहेत. साधे भिंग वापरायला शिका. शक्य झाले तर अतिनील प्रकाशाचा छोटा दिवाही घ्या. धुतलेली शाई पुष्कळदा त्याखाली उमटते. मोठी रक्कम असेल तर आधी तज्ज्ञाचे प्रमाणपत्र आणि मग पैसे. आणि विकायची वेळ आली तर समोरच्याने विचारण्याची वाट पाहू नका.

जिन्यातल्या भांडणाचे काय झाले, ते सांगायचे राहिले. मी मध्ये पडलो नाही. कोणत्या तोंडाने पडणार? संध्याकाळी नातू वर आला तेव्हा त्याच्या हातात त्याच्या दोन कार्डांपैकी एक होते. मित्राने ते परत दिले होते आणि चमचमते कार्ड नातवाकडेच राहिले होते. "आजोबा," त्याने विचारले, "मी पण माझ्या कार्डांच्या कडा रंगवल्या तर चालतील?"

मी म्हटले, "रंगव. पण देताना सांगायचं."

तो जरा वेळ विचार करत उभा राहिला. मग म्हणाला, "मग रंगवून काय उपयोग?"